शून्य निकाल

सहाशे बारा पानं आहेत या लायब्ररीच्या मराठी दस्तऐवजांची.
मी ती वाचत नाही, सोलते.
टॅग काढते, कंस काढते, विरामचिन्हं झाडून एका कोपऱ्यात लोटते
आणि उरलेल्या एकेका शब्दाला विचारते,
तू कुठल्या कुठल्या पानावर राहतोस?

पुस्तकात पान शब्द सांभाळतं.
इथे उलटं आहे. शब्द पानं सांभाळतो.
'बफर' सत्तेचाळीस पानांवर.
रांगेला, रांगेत, रांगांमधून, सगळ्यांचे प्रत्यय छाटले
की उरते 'रांग', एकशे तीन पानांवर उभी.
'कृपया' मात्र एकदाच, पान दोनशे आठ,
प्रज्योत मेश्रामनं नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात लिहिलेलं:
कृपया हे फंक्शन वापरू नका.

'आणि', 'पण', 'तर', 'की' यांना यादीत जागा नाही.
सगळीकडे असतात, म्हणून शोधायच्या कामाचे नाहीत.
आईला हे सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे घरच्या बाईसारखं.

मे महिना. त्रिमूर्तीनगरात शेहेचाळीस अंश.
कूलर फिरतोय पण पाणी चढत नाही,
वाळ्याच्या जाळ्या कडकडीत, लॅपटॉप तव्यासारखा.
इंडेक्स एकोणसाठ टक्क्यांवर सोडून
तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी लोहाओळी गाठली.

दुकानदाराचं आडनाव निखारे. या उन्हात.
माझ्या पुढे कामठीचा एक पोरगा:
'भाऊ, ते द्या ना, ते नळाच्या आत राह्यते,
काळं, गोल, दाबलं का दबते ते.'
निखाऱ्यांनी मागे न बघताच हात नेला,
तिसरा खण, डावीकडून पाचवा डबा.
डब्यावर लिहिलेलं: खिळे.
आत वायसर.

'तुमचं काय मेलं ताई?'
'पंप.'
'आवाज करून मेला का गुपचूप?'
'गुपचूप.'
'मंग पंप नाई मेला. वायर गेली. बारा रुपये.'
पैसे मोजताना मी विचारलं, डब्यावर खिळे का लिहिलंय?
'पह्यले खिळे होते,' म्हणाले.
'मानूस नाव इसरते ताई, काम नाई इसरत.'

घरी येऊन वायर जोडली. पाणी चढलं.
मग उघडली ती फाइल, जी मी महिनाभर उघडली नव्हती:
लोकांनी काय शोधलं आणि काय मिळालं नाही.

गपगार पडलं.
काहीच होत नाही.
थांबवू कसं.
अडकलं का.
कुणीतरी रात्री दोन चाळीसला तोच प्रश्न सात वेळा,
आठव्यांदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून,
नवव्यांदा नुसतं प्रश्नचिन्ह.

उत्तर होतं आमच्याकडे. पान तीनशे एक्याण्णव.
मथळा: कालमर्यादा-अपवादांचे व्यवस्थापन.
मथळा मीच दिला होता.

बसले मग, कूलरच्या ओल्या वाऱ्यात, हातानं लिहीत.
गपगार, तीनशे एक्याण्णव.
अडकलं, तीनशे एक्याण्णव.
गुपचूप मेलं, चारशे दोन.
नळाच्या आतलं काळं, हेही लिहिलं,
मग हसून खोडलं.

इंडेक्स पुन्हा बांधायला चार सेकंद लागले.
सव्वा वाजता कुठूनतरी एक शब्द आला: गपगार.
एक निकाल. एक क्लिक.
नंतर काही नाही.
सापडलेला माणूस सांगायला थांबत नाही,
नोंदवहीत तो रिकामी जागा होऊन राहतो.

पंपाची गुळगुळ चालू आहे.
'कृपया' अजून एकाच पानावर आहे.
तो शब्द आजवर कुणी शोधलेला नाही.